कोऱ्या कापडाची फडफड

भाद्रपद तोंडावर आला की आमच्या गल्लीत गणपतीचा मांडव उभा राहतो. बांबू रोवतात, वर नवं कोरं कापड ताणतात, आणि मग दिवसभर ते वाऱ्यावर वाजत बसतं. माझ्या सुनेला तो आवाज आवडतो, सण आल्यासारखं वाटतं म्हणते. मला मात्र तो ऐकला की ते कापड हातांनी दाबून धरावंसं वाटतं. यंदाही वाटलं. मी गॅलरीतून वाकून मांडववाल्याला म्हटलं, "अरे, जरा ओढून बांध की. किती वाजायलंय ते." तो वर बघून हसला. "अम्मा, नया कपडा है, बजेगाच." हे त्यानं मला सांगायचं. हैदराबादच्या सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात जन्म गेलेली बाई मी.

नव्या कापडाला खळ असते. त्या खळीनंच ते ताठ राहतं, चकाकतं, आणि गिऱ्हाइकाच्या हाताला भरीव लागतं. माझे वडील, अण्णा, नांदेडकडून इकडं येऊन दुकान मांडून बसलेले. त्यांचा एकच धर्म होता, दुकानातून जाणारं कापड कोरं करकरीत गेलं पाहिजे. तागा उलगडला की आधी आवाज यायला हवा, म्हणायचे, मग रंग दिसू दे. आम्हा भावंडांच्या अंगात हे इतकं भिनलं होतं, की नवं कापड आधी पाण्यात घालावं हा विचारच आमच्या डोक्याला शिवायचा नाही. धुतलं की ते जुनं झालं. विषय संपला.

मी सांगतेय ते दिवस, देशात सगळं नवं नवं येऊ लागलं होतं तेव्हाचे. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ, भिंतीभिंतींवर थंड पेयांच्या रंगीत जाहिराती. तयार शर्टांच्या काचेच्या दुकानांनी आमचं गिऱ्हाईक पळवलं, आणि अण्णा संध्याकाळी गल्ल्याशी रिकामे बसू लागले. आणि तारनाक्याला राहणारी माझी मैत्रीण पद्मजा, जिचे वडील रेल्वेत होते आणि जिनं कॉलेजात माझ्या डब्यातली निम्मी भाकरी खाल्ली, ती पक्ष्यांपायी येडी झाली होती. तिच्या घरचे तेलुगू बोलणारे, मी मराठी, त्यामुळे आमच्या दोघींची भाषा दक्खनी. त्या भाषेत भांडणं फार छान होतात.

एक दिवस ती दुकानात आली आणि तागे उचकत म्हणाली, "शैला, तेरेकू सिलाई आती ना? मेरेकू एक छोटा तंबू सी के दे. अंदर बैठ के फोटो निकालना है."

फोटो माळढोकाचा. कर्नूलच्या पुढं गवताचा मोठा माळ होता. तिथं पावसाळ्यात माळढोक अंडी घालतात. अंडी म्हणणंही चूक. मादी एका मोसमात एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, काडी न लावता. कुठल्याशा नव्या औषध कंपनीला गुळगुळीत कागदाचं कॅलेंडर काढायचं होतं. तिथल्या साहेबानं पद्मजाला सांगितलं होतं, अंड्यावर बसलेल्या माळढोकाचा स्वच्छ फोटो आण, बाराही महिन्यांचे फोटो तुझेच. घरी तिच्यामागं दिलसुखनगरच्या कॉम्प्युटर क्लासचा आणि एका स्थळाचा लकडा होता. हे कॅलेंडर मिळालं तर दोन्ही टळणार होतं. तिनं कुणाकडून तरी लांब भिंगाचा कॅमेरा मागून आणला होता, आणि तो मांडीवर घेऊन बसायची तेव्हा दुसऱ्याचं तान्हं सांभाळायला घेतल्यासारखी दिसायची.

मी लपण शिवलं, म्हणजे पक्ष्याला न दिसता आत बसायचा तंबू. जाड खाकी कापड, बाभळीच्या खोडासारखा रंग, चार बाजू, वर छप्पर, पुढं भिंगापुरतं भोक, बाजूला डोळ्यांपुरत्या फटी. दुकानातला सगळ्यात चांगला तागा फाडला. शिवण अशी घातली की अण्णांनीसुद्धा उलटून पालटून बघितलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत पडलं. पद्मजानं कापडावर टिचकी मारली. टण्ण वाजलं. आम्ही दोघी खूश.

भावाची मारुती व्हॅन मी चालवत होते. मागं कापडाच्या गाठींचा वास, पुढं पद्मजाच्या पायाशी पाण्याचा कॅन. शादनगर गेलं, जडचर्ला गेलं, रस्त्याच्या कडेला टोपल्यांत नवी सीताफळं दिसायला लागली. कृष्णेच्या पुलावर तिनं मला थांबायला लावलं आणि पाण्यावरचे पक्षी बघत राहिली. मागून ट्रकवाला हॉर्न मारून मारून थकला. मी म्हटलं, "बाई गं, तो आपल्याला पाण्यात ढकलेल." ती म्हणाली, "मारने दे, उसको क्या मालूम."

माळाच्या कडेला वनखात्याची चौकी होती. तिथं राखणदार आणि त्याची बायको राहायचे, म्हणून तर आमच्या घरच्यांनी होकार दिला होता. चौकीच्या आवारात आम्ही झोपायचा तंबू ठोकला, तीन दगडांवर भात शिजवला, तो खालून लागला आणि वरून कच्चा राहिला, तरी खाल्ला. मावळतीला माळावरून एक आवाज आला. हूंऽऽ, असा, जमिनीतून आल्यासारखा. नर मादीला हाक देतो, पद्मजा म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला होता. खरं सांगते, माझ्याही आला. इतक्या मोठ्या गवतात एवढा एकच आवाज, आणि त्याला उत्तर नाही.

सकाळी उजाडायच्या आत राखणदारानं आम्हाला अंड्यापाशी नेलं. मादी लांबूनच उठली आणि मान खाली घालून गवतातून चालत निघून गेली. जमिनीवर ते अंडं होतं, शेवाळी रंगाचं, वर तपकिरी डाग, कोंबडीच्या अंड्यापेक्षा चांगलं मोठं. आम्ही जरा अंतरावर भराभर लपण उभं केलं, आत शिरलो, आणि राखणदार मोठ्यानं खोकत, हात हलवत परत गेला. पक्ष्याला मोजता येत नाही, तीन आले आणि एक गेला तरी तो सगळे गेले असंच समजतो, हे पद्मजाचं शास्त्र. राखणदार आम्हाला घ्यायला येणार संध्याकाळी. तोवर आम्ही दोघी, कॅमेरा, पाण्याचा कॅन, आणि ती मादी. मी तिला मनातल्या मनात बाई म्हणायला लागले होते.

बाई येईनात.

सूर्य वर आला. फटीतून मला ती दिसत होती, दूर, गवताच्या वर नुसती मान. दोन पावलं यायची, थबकायची, मागं जायची. पद्मजा म्हणाली, येईल, वेळ लागतो. मग एक कावळा आला आणि जवळच्या धोंड्यावर बसला. डोमकावळा, जाड चोचीचा. त्यानं अंडं बघितलं की नाही कुणास ठाऊक, पण मला तर वाटलं तो ते मोजतोय.

अशात पद्मजानं माझ्या पिशवीतून दुकानाची कात्री काढली. अंड्याच्या पुढं हातभर उंच गवत होतं. भिंगातून बघितलं तर अर्धा पक्षी त्या गवतामागं जाणार होता. तेव्हा सगळेच फोटोवाले असं करायचे, घरट्यापुढचं गवत छाटायचे, फांदी बांधून बाजूला ओढायचे. त्यात काही वाईट आहे असं कुणाला वाटायचं नाही.

"अब्बीच काटना," ती कुजबुजली. "वो आई तो फिर नहीं होता."

"कव्वा बैठा है," मी म्हटलं. "घास काटी तो सीधा दिखेगा उसको."

"दो मूठ काटती बस. इधर का इधर."

"तू बाहेर गेलीस तर ती आणखी लांब जाईल. आणि आलीच नाही तर? उन्हात ते अंडं शिजेल, पद्मजा."

तिचे डोळे भरले होते. रागानं की कशानं, तिलाच ठाऊक. "तेरेको क्या," ती म्हणाली. "तेरी दुकान है." हे मला लागलं. आमच्या दुकानाची काय अवस्था होती ते तिला माहीत होतं. मी तिच्या हातातून कात्री काढून घेतली आणि सरळ त्या कात्रीवरच बसले. आता ऐकायला हसू येतं. तेव्हा आम्ही दोघी एका चौकोनी खोक्यात, गुडघ्याला गुडघा लावून, एकमेकींचं तोंड बघायला तयार नव्हतो.

आणि त्या गप्प बसण्यातच मला ते ऐकू आलं. मगापासून येत होतं, पण माझ्या कानाला ते लहानपणापासूनचं, म्हणून जाणवलं नव्हतं. वारा आला की लपण वाजत होतं. फड, फड, फडड. बाई दोन पावलं यायची, वारा यायचा, कापड वाजायचं, ती मागं जायची. परत तेच. आमच्या दुकानाचा उत्तमातला उत्तम तागा, अण्णांना पसंत पडलेली शिवण, आणि त्यातली खळ तिला अंड्यापर्यंत येऊ देत नव्हती.

खळीला दक्खनीत कलफ म्हणतात. मी पद्मजाच्या कानाशी म्हटलं, "कलफ." तिला क्षणभर कळलं नाही. मग तिनं कपाळाला हात लावला.

उपाय एकच होता आणि तो तिच्या पायाशी होता. आम्ही कॅनमधलं पाणी ओंजळीनं घेऊन कापडाला आतून लावायला लागलो. आधी हळू, जपून, पुढं बेफाम. कापड चोळलं की खळ सुटायची, हाताला चिकट लागायची, तिचा आंबूस वास त्या खोक्यात कोंडला. पण जिथं भिजलं तिथं कापड पडलं, मऊ झालं, गप्प झालं. कावळा धोंड्यावरून उडून अलीकडच्या ढेकळावर आला. मी पाण्याचे हबके मारत होते आणि मनात कुठल्या कुठल्या देवाला हाका मारत होते. मला एकाएकी त्या अंड्याचं इतकं वाटायला लागलं, की ते फुटलं तर मी घरी तोंड कसं दाखवू, असं काहीतरी डोक्यात येत होतं. घरी कुणाला त्याचं काय पडलं होतं? पण वाटत होतं खरं.

लपण गप्प झालं, आणि बाई आली. मान पुढं, मान मागं, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखी. कावळ्याला बघितल्यावर मात्र तिची चाल बदलली. पंख अर्धे उघडून ती त्याच्या अंगावर धावली, एवढी मोठी, एवढी जड, आणि इतकी चपळ. तो काव काव करत गेला. ती अंड्यापाशी आली, चोचीनं ते जरासं हलवलं, आणि पोटाखाली घेऊन बसली. बसली ती गवतात पार बुडाली. दिसत होता फक्त डोळा.

पद्मजानं बटण दाबलं. त्या जुन्या कॅमेऱ्याचा केवढा आवाज. बाईनं मान झटकन उंचावली. आम्ही दोघींनी श्वास धरला. ती पुन्हा खाली झाली. पद्मजानं बटणावरचा हात काढून मांडीखाली दाबून धरला.

सुटलो, असं मला वाटलं होतं. पण ऊन चढलं, आणि भाद्रपदाचं ऊन काय असतं हे हैदराबादच्या माणसाला सांगायला नको. कापड वाळायला लागलं. वाळलं की उरलेली खळ पुन्हा ताठ. पाणी लावावं तर कॅनच्या तळाशी घोटभर. बाहेर पडावं तर ती उठणार. ती उठली की कावळा होताच कुठंतरी. म्हणजे आम्हाला आत राहणं भाग, आणि कापड गप्प ठेवणंही भाग.

आम्ही ते हातांनी धरलं. दुसरं काय करणार? मी एका बाजूला पाठ टेकवली आणि दोन्ही तळवे छपराला लावले. पुढची बाजू भिंगानं अडवली होती, उरलेल्या दोन बाजू पद्मजानं हात पसरून आतून दाबून धरल्या. वारा आला की कापड आमच्या हातांखाली धडधडायचं आणि तिथंच विरायचं. खांदे भरून आले. घशाला कोरड पडली. लघवीचं तर नाव काढू नका. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात नव्हता. त्या अवस्थेत मी तिला म्हटलं, "तुझं ते स्थळ कसं आहे गं?" ती आवाज न करता हसली, आणि तिच्या बाजूचं कापड लगेच वाजलं. बाई दचकली. पुन्हा आम्ही दगडासारख्या.

मग ते झालं. दुपार कलली होती. बाई उठून उभी राहिली. गवताच्या वर, सगळीच्या सगळी, आमच्याकडं आडवी. तिनं अंड्यावर सावली धरायला पंख सैल करून उघडले. उन्हात तिच्या मानेचा पांढरा रंग, काळी टोपी, पंखांवरची नक्षी, आणि पायाशी गवताआड ते अंडं. असा फोटो मी आजवर कुठं बघितला नाही. भिंग तिच्यावरच रोखलेलं होतं. पद्मजानं नुसता एक हात काढायचा होता.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं. वारा सारखा येत होता, कापड तिच्या तळव्याखाली उड्या मारत होतं. तिच्या ओठांत दात रुतले होते. बाई तशीच उभी, घाई नसल्यासारखी. बारा महिने उभे होते समोर. पद्मजाचे हात कापडावरून हलले नाहीत. थोड्या वेळानं बाई खाली बसली, आणि पद्मजानं डोळे मिटून घेतले.

ऊन उतरल्यावर बाई आपणहून चरायला गेली. वारा पडला होता, कावळे घराकडं निघाले होते. आम्ही लपण मोडलं, गोळा केलं आणि वाकून वाकून पळालो. चौकीवर राखणदाराच्या बायकोनं पाण्याचा तांब्या दिला. तो आम्ही दोघींनी एकमेकींच्या हातून ओढून ओढून प्यायला. परतताना कृष्णेच्या पुलावर मी आपणहून गाडी थांबवली. पद्मजा म्हणाली, "नक्को, चल."

फोटो धुऊन आला. सगळं गवत, आणि त्यात एक डोळा. कंपनीच्या साहेबानं तो उलटा सुलटा फिरवला आणि विचारलं, "मॅडम, यात पक्षी कुठाय?" कॅलेंडर दुसऱ्या कुणाला गेलं. पद्मजा दिलसुखनगरच्या क्लासात शिकायला गेली आणि पुढं तिथंच शिकवायला लागली. स्थळ मात्र तिनं नाकारलं. नंतर तिनं स्वतः पसंत केलेल्या माणसाशी लग्न केलं. तो बरा आहे. पक्ष्यांतलं त्याला काही कळत नाही.

हल्ली कुणी कुणी सांगतं, त्या माळावर आता माळढोक दिसत नाही. गवत गेलं, पिकं आली, विजेच्या तारा आल्या. मी ऐकून घेते. रागही येतो, पण कुणावर काढायचा? एवढं सगळं आलं आपल्याकडं त्या वर्षांत, आणि एक ती मोठी, घाबरट, हट्टी बाई मात्र त्यात कुठं मावली नाही. पद्मजाशी मी यावर बोलत नाही. बोललं तर दोघी रडू, आणि आता या वयात रडलं की दोन दिवस डोकं दुखतं.

पण तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. दसऱ्याच्या आधीचा आठवडा, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्या वर्षी बऱ्याच दिवसांनी गिऱ्हाईक आलं होतं, म्हणून अण्णा खुशीत. मी एका जाडजूड बाईंना परकराचं कापड मोजून देत होते. एवढ्यात गर्दीतून पद्मजा आत घुसली. केस विस्कटलेले, पायांवर लाल माती, अंगाला एसटीच्या प्रवासाचा वास. कर्नूलहून येऊन थेट बसस्टँडवरून दुकानात. कॅमेरा नव्हता, तो तिनं केव्हाच परत केला होता. कुणाला न सांगता ती एकटी जाऊन आली होती. फळीपलीकडून तिनं माझं मनगट धरलं.

"शैला," ती म्हणाली, "चल रा है."

"कोण?"

"बच्चा. माँ के पीछे पीछे. चल रा है."

मी फळीवर डोकं ठेवून रडायला लागले. तीही रडायला लागली. मोजलेलं कापड खाली पडलं, मागची गिऱ्हाइकं माना उंचावून बघायला लागली. त्या जाडजूड बाईंनी घाबरून अण्णांना विचारलं, "कुणाचं हो बाळ?"

अण्णांनी आमच्याकडं बघितलं. मग खाली वाकून कापड उचललं, झटकलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेत म्हणाले, "आमच्याच पोरींचं."